दाखला, जामीन आणि परतीची शपथ

२०२४ सालच्या जून महिन्यात, पहिला पाऊस पडून गेल्यावर, आमच्या पुतण्याची फाइल आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो होतो. मुलगा अभियंता झालेला. जर्मनीतील एका विद्यापीठाने त्याला पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश दिलेला. आता मुंबईतील जर्मन वकिलातीकडे व्हिसाचा अर्ज सादर करावयाचा होता. पारपत्र, विद्यापीठाचे प्रवेशपत्र, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, त्या गुणपत्रिका अस्सल असल्याचे दिल्लीच्या पडताळणी केंद्राचे प्रमाणपत्र, बँकेत गोठवून ठेवलेल्या रकमेचा दाखला, आरोग्यविमा, भाषेच्या परीक्षेचा निकाल, आणि ‘हाच विषय, याच देशात मला का शिकावयाचा आहे’ हे सांगणारे पत्र, असा सारा पसारा होता. वहिनींनी प्रत्येक कागदाच्या दोन-दोन प्रती काढून त्यांना टाचण्या लावल्या आणि त्रासून विचारले, “भाऊजी, एवढे कागद मागायचे हे कुणाच्या डोक्यातून निघाले असेल हो?”

प्रश्न त्राग्याचा होता, पण इतिहासाची आवड असणाऱ्या माणसाला तो स्वस्थ बसू देईना. आम्ही शोध घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले, की या फायलीतील कागद नवे असले तरी त्यांच्यामागचे प्रश्न फार जुने आहेत. तू कोण? तुझ्या खर्चाला जामीन कोण? आणि शिक्षण झाल्यावर तू परत जाणार ना? युरोपात शिकू पाहणाऱ्या आमच्याकडील माणसाला हे तीन प्रश्न जवळजवळ चारशे वर्षे विचारले जात आहेत. विचारणारे तेवढे बदलले.

पारपत्र हा कागद पुष्कळांना सर्वांत प्राचीन वाटतो. वस्तुतः तो या फायलीतील तरुण कागदांपैकी आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचे मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून बोटीने निघाले तेव्हा त्यांच्यापाशी पारपत्र नव्हते आणि व्हिसाही नव्हता. त्यांची गरजही नव्हती. मात्र परवानगी नावाची गोष्ट तेव्हाही होतीच. मुंबईतील त्यांच्या ज्ञातीने सभा भरवून समुद्रोल्लंघनास मनाई केली आणि ती न मानल्याबद्दल त्यांना वाळीत टाकले. म्हणजे त्या काळी अडवणारा अधिकारी परक्या देशाच्या दारात बसलेला नव्हता, आपल्याच आळीत होता. पहिल्या महायुद्धात सरकारे सीमा राखू लागली आणि १९२० साली हिंदुस्थानात पारपत्राचा कायदा झाला. तरीही पारपत्र देणे वा न देणे ही पुढे कित्येक वर्षे सरकारची मर्जीच राहिली. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी जूनमध्ये नवा पारपत्र कायदा आला. मागणाऱ्याला पारपत्र सहसा नाकारता येत नाही, ही आज गृहीत धरलेली गोष्ट एवढी अलीकडची आहे.

ब्रिटनचे दार तर स्वातंत्र्यानंतरही काही काळ उघडेच होते. राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून भारतीय माणूस १९६२ पर्यंत तेथे मुक्तपणे जाऊ शके. त्या वर्षीच्या कायद्याने निर्बंध आले आणि १९८६ साली भारतातून तेथे नुसते भेटीला जाणाऱ्यालाही आगाऊ व्हिसा सक्तीचा झाला. युरोपच्या मुख्य भूमीवर १९८५ साली शेंगेन या लक्झेंबर्गमधील गावी झालेला करार २६ मार्च १९९५ पासून सात देशांत प्रत्यक्ष अमलात आला. या शेंगेन व्हिसाविषयी एक गैरसमज आमच्याकडे घरोघर आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. तो परवाना १८० दिवसांत ९० दिवस राहण्यापुरता असतो. वर्ष-दोन वर्षे शिकावयास जाणाऱ्याला त्या-त्या देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्याचे नियम त्या देशाचे स्वतःचे असतात. जर्मनीसाठी जमवलेली फाइल तशीच उचलून इटलीच्या वकिलातीत देता येत नाही.

परंतु कॅथलिक समाजाची युरोपातील शिक्षणाची वाट लंडनहून पुष्कळ जुनी आहे. ती रोमला जाते. गोव्याच्या दिवाडी बेटावर जन्मलेल्या मातेउस दे कास्त्रो यांना धर्मगुरू व्हावयाचे होते. पोर्तुगीज अमलातील गोव्याच्या आर्चबिशपांनी एतद्देशीय म्हणून त्यांना दीक्षा नाकारली. पोर्तुगालच्या जहाजाची आणि पोर्तुगालच्या राजाच्या कृपेची वाट न पाहता हा तरुण खुष्कीच्या मार्गाने, इराणमधून, निघाला आणि १६२५ साली रोमला पोहोचला. श्रद्धाप्रसारासाठी रोमने १६२२ साली स्थापन केलेल्या ‘प्रोपागांदा फीदे’ या संस्थेने त्यांना आश्रय दिला. १६३१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १६३७ साली ते बिशप झाले. लॅटिन विधीच्या ख्रिस्तसभेत भारतीय बिशप हे प्रथमच घडत होते.

इतके होऊनही त्यांच्या चरित्रातील कागदांचे भांडण मिटले नाही. रोमहून आणलेली अधिकारपत्रे गोव्यातील अधिकाऱ्यांनी मानली नाहीत. पोर्तुगालच्या राजाच्या मान्यतेवाचून आलेला कागद, मग तो रोमचा का असेना, त्यांच्या लेखी कागदच नव्हता. शेवटी कास्त्रो यांनी पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, आदिलशाही मुलखातील डिचोली येथे ठाण मांडले. पदवी खरी, सही खरी, शिक्काही खरा, पण ज्याच्या मेजावर ती ठेवायची तो मान्य करीत नाही, हा अनुभव आज परदेशी पदवी घेऊन येणाऱ्याला किंवा इथली पदवी तिकडे नेणाऱ्याला अगदीच अपरिचित नसावा. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीने भारतीय विद्यार्थ्यांसाठी गुणपत्रिकांची आगाऊ पडताळणी सक्तीची केली, ती याच संशयापोटी. खोट्या गुणपत्रिका सादर करणाऱ्या काही महाभागांचे ओझे आता प्रत्येक प्रामाणिक मुलाच्या वेळापत्रकावर पडले आहे. प्रमाणपत्र हाती येण्यास आठवडेच्या आठवडे जातात आणि त्यावाचून अर्जच पुढे सरकत नाही. आमच्या पुतण्याने हे काम विद्यापीठांकडे अर्ज करण्याच्याही आधी हातावेगळे केले होते, म्हणून निभावले.

कास्त्रोंनंतर सुमारे दीडशे वर्षांनी, २१ फेब्रुवारी १७७१ रोजी, कांदोळीचा चौदा वर्षांचा जुझे कुश्तोदियो दे फारिया आपल्या वडिलांसह गोव्याहून निघाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लिस्बनला उतरला. म्हणजे प्रवासच नऊ महिन्यांचा. त्याचे वडील कायतानो व्हितोरिनो हे धोरणी गृहस्थ. त्यांनी लिस्बनमध्ये राजाची मर्जी संपादन केली आणि राजाच्या शिफारशीने पितापुत्र पुढील वर्षी रोमला गेले. मुलगा प्रोपागांदाच्या विद्यालयात दाखल झाला आणि १७८० साली धर्मगुरू झाला. संमोहनविद्येच्या इतिहासात गाजलेले आबे फारिया ते हेच. त्यांचा ‘व्हिसा’ म्हणजे एक शिफारसपत्र होते, आणि ते देणारा माणूस आपण कोणासाठी शब्द टाकतो आहोत हे जाणून होता.

या विद्यालयाची एक रीत आम्हांला विशेष उद्बोधक वाटते. आठवे उर्बन हे पोप असताना १६२७ साली ते स्थापन झाले. जगाच्या कानाकोपऱ्यातून तेथे विद्यार्थी येत, त्यांचा खर्च संस्था करी. पण शिकून झाल्यावर ही मुले रोमच्या सावलीतच रमली तर ज्या दूरच्या प्रदेशांसाठी हा खटाटोप, त्यांचे काय? म्हणून सातवे अलेक्झांडर यांच्या कारकीर्दीत, १६६० साली, विद्यार्थ्यांसाठी एक शपथ ठरवून देण्यात आली. संस्थेच्या अनुज्ञेवाचून कोणत्याही संघात प्रवेश करणार नाही, आज्ञा होताच आपल्या प्रांतात परत जाईन, आणि तेथून ठराविक काळाने आपल्या कार्याचा वृत्तान्त पत्राने कळवीन, असा तिचा आशय होता. युरोपात राहणाऱ्याने वर्षातून एकदा आणि युरोपाबाहेरच्याने दोन वर्षांतून एकदा पत्र पाठवावे, असेही ठरलेले होते. व्हिसाच्या अर्जासोबतच्या पत्रात आजचा विद्यार्थी आपल्या पुढील आयुष्याची दिशा सांगतो आणि अधिकारी ती वाचून मनाशी अंदाज बांधतो. फरक एवढाच, की रोमने मुलाला शपथ घ्यावयास लावली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. वकिलातीला शब्द पुरत नाही, तिला पुरावा लागतो.

दुसरा प्रश्न पैशाचा. येथे आम्हांला आधी नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आठवतात. ख्रिस्ती कुटुंबातील ही मुलगी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली, आणि इंग्लंडमधील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळण्याइतके गुण तिने मिळवले. ती शिष्यवृत्ती तिला नाकारण्यात आली, कारण ती स्त्री होती. मग इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हाती पडली ती १९२२ साली, विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्याचे मान्य केल्यानंतर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची कागदपत्रे पाहिली तर पैसा आणि परतीची अट यांची गाठ कशी बांधलेली असते ते दिसते. १९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली ती, परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करीन, या करारावर. कोलंबिया विद्यापीठातून ते १९१६ साली लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात या विद्वानाला राहावयास जागासुद्धा मिळू दिली नाही, ती कथा सर्वश्रुत आहे. १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले. या वेळी प्राध्यापकीतून साठवलेली पुंजी, मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य, एवढ्यावर. पुढे बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी जर्मन भाषेतून अर्ज केला होता, हे आमच्या पुतण्याला सांगितले तेव्हा त्याने आपले जर्मनचे पुस्तक निमूटपणे पुन्हा उघडले.

स्वातंत्र्यानंतर पैशाच्या प्रश्नाला निराळेच वळण लागले. घरात रुपये असले तरी त्यांचे डॉलर वा पौंड करून मिळत नसत. परकीय चलनावर सरकारचा पहारा होता. प्रवासाला निघण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या ‘पी फॉर्म’चे दिव्य पार करावे लागे. त्या पिढीतील मंडळी, खिशात अवघे आठ डॉलर घेऊन विमानात बसल्याच्या आठवणी अजून सांगतात. १९९९ चा परकीय चलनाचा नवा कायदा जून २००० पासून अमलात आला, आणि २००४ पासून व्यक्तीला आपल्या पैशातून ठराविक मर्यादेपर्यंत रक्कम परदेशी पाठवण्याची मोकळीक मिळाली. पहारा इकडून उठला आणि तिकडे बसला असे म्हणावयास हरकत नाही. जर्मनीचा नियम असा, की वर्षभराचा निर्वाहखर्च आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावा. विद्यार्थी तेथे पोहोचला की त्यातून दरमहा ठरलेला हप्ता त्याला मिळतो. आम्ही फाइल जमवली तेव्हा ती रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे सुमारे दहा लाख रुपये. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ झाली. आमच्या भावाने त्यासाठी शैक्षणिक कर्ज घेतले आणि वाडीचा कागद बँकेत ठेवला. आजोबांनी स्वतः विहीर खणून जगवलेली ती केळीची वाडी. मुलाला हे सांगू नये असे वहिनींचे म्हणणे होते. सांगावे असे आमचे. जामीन कोण, हे जामीनदाराखेरीज ज्याच्यासाठी जामीन दिला त्यालाही ठाऊक असले पाहिजे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो, कारण आमची खरी कुचंबणा तेथेच झाली. तू कोण?

इंग्रजी अमलात हा प्रश्न राजकीय होता. १९०९ साली लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीचा वध केला. भारतीय विद्यार्थ्यांसाठी तेथे माहिती कार्यालय त्याच वर्षी उघडलेले होते. त्याचा उद्देश साहाय्याचा असल्याचे सांगण्यात येई, पण ही आपल्यावरची नजर आहे असा विद्यार्थ्यांचा समज झाला आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. मायदेशातील अधिकाऱ्याकडून ओळखीचा आणि सद्वर्तनाचा दाखला आणावा, हा आग्रह या काळात वाढला.

आम्हा वसईकरांपुढे मात्र ‘तू कोण’ हा प्रश्न आडनावाच्या रूपाने उभा राहतो. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही धर्मग्रामांना बंधनकारक केली आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्काराच्या नोंदवहीची रीत घालून दिली. आपल्याकडे जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा झाला तो १९६९ साली. त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, आमच्या खेड्यांतील माणसाच्या जन्माचा भरवशाचा कागद म्हणजे चर्चच्या कपाटातील ती लांबट वही. ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदीत पुष्कळदा नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असे. नाव पुढे कोणी लिहूनच घेतले नाही.

वहीत नाव असे, पण कोणत्या वळणाचे? पोर्तुगीज आडनाव एकाने पोर्तुगीज रीतीने लिहिले, पुढच्या धर्मगुरूंनी इंग्रजी उच्चाराने, शाळेतील गुरुजींनी मराठीत कानाला लागले तसे, आणि त्याचे पुन्हा रोमी लिपीत रूपांतर केले बोर्डाच्या कारकुनाने. लोपेस, लोपीस, परेरा, पेरेरा, गोन्साल्विस, घोन्साल्विस. एकाच घरात दोन भाऊ दोन आडनावांचे झालेले आम्ही पाहिले आहेत. आमच्या पुतण्याच्या गुणपत्रिकांत डिमेलो हे नाव ‘डी’पुढे ‘ई’ घालून, पदवी प्रमाणपत्रात ‘डी’वर स्वल्पविरामासारखे चिन्ह देऊन, आणि पारपत्रात चिन्ह व ‘ई’ दोन्ही गाळून. पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचावयाच्या ज्या दोन ओळी असतात त्यांत हे चिन्ह मावतच नाही. शिवाय बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, मग मुलाचे, मग वडिलांचे. पारपत्रात वडिलांचे नाव मुलाच्या नावाला चिकटलेले. युरोपातील कारकुनाला ही तीन निरनिराळी माणसे वाटली तर त्याला दोष कसा द्यावा?

भाऊ आणि आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयात गेलो. कारकुनाने वही काढून दिली. पुतण्याची नोंद सापडली. तिच्यात चौथेच वळण होते. मागे जाऊन आमच्या वडिलांची पाहिली, मग आजोबांची. आजोबांच्या नोंदीत ‘दे मेलो’ अशी दोन सुटी पदे, झरणीच्या शाईत. कोणते खरे? धर्मग्रामाच्या वहीत मनास येईल तसा फेरफार करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. शेवटी वकिलाच्या सल्ल्याने, पारपत्रातील नाव प्रमाण धरून, ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र केले आणि नाव राजपत्रातही छापून घेतले. या उपद्व्यापात महिना गेला. मुले दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरतात तेव्हाच आईवडिलांनी पारपत्रातील वळण समोर ठेवले असते, तर तो वाचला असता. गोव्यातील ज्या घरांनी १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदींच्या बळावर पोर्तुगीज नागरिकत्व घेतले, त्यांच्या मुलांना युरोपात शिकावयास व्हिसा लागत नाही. आमचे पोर्तुगीज १७३९ सालीच गेले; जाताना आडनावे तेवढी ठेवून गेले.

उरले ते हेतूचे पत्र. एका एजंटाने ते पाच हजारांत लिहून देण्याची तयारी दाखवली आणि नमुना पाठवला. सफाईदार इंग्रजी, जर्मनीच्या थोरवीची चार वाक्ये, स्वतःच्या बालपणापासूनच्या जिज्ञासेची दोन. शेजारच्या गावातील मुलाचे पत्र पाहण्यात आले, तर त्यातही हीच जिज्ञासा, याच शब्दांत. आम्ही पुतण्याला सांगितले, हे फाडून टाक आणि तुझे तू लिही. त्याने लिहिले की आपण विहिरींच्या प्रदेशात वाढलो, डोळ्यांदेखत त्या विहिरींचे पाणी मचूळ होत गेले, आणि भूजलाचा तो विषय ज्या विद्यापीठात शिकवतात तेथे आपल्याला प्रवेश मिळाला आहे. भाषा साधी होती. शेवटच्या परिच्छेदापाशी तो दोन दिवस अडला. परत येईन असे लिहू का, असे त्याने विचारले. आम्ही विचारले, येणार आहेस का? तो म्हणाला, ठाऊक नाही. शिकून झाल्यावर काही वर्षे तेथे काम केल्याशिवाय कर्ज फिटणार नाही. मग तेच लिहावे असे ठरले, आणि त्याने तसेच लिहिले. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी ऐकले असावे, कारण त्या दिवशी जेवताना कोणीच फारसे बोलले नाही.

व्हिसा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. पारपत्राच्या पानावर चिकटवलेल्या त्या हिरवट कागदावर आडनाव अर्थातच चिन्हावाचून छापलेले होते. आमच्या मातोश्रींनी भिंग लावून ते वाचले आणि हे आपले नाव नव्हे असे जाहीर केले. पुतण्या ऑक्टोबरात गेला. वहिनींनी कागदांच्या दुसऱ्या प्रती, राजपत्राच्या पानासह, कपाटात जपून ठेवल्या आहेत. धाकटी आता बारावीला आहे, आणि तिच्या गुणपत्रिकेत ‘ई’ आहेच.